सतरा तारखेचे चार मिलिमीटर

सोमवार, २

नवी वही काढली. मागच्या वेळी माझं काम दुसऱ्याच्या नावाने छापून आलं तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक चिटोरा नव्हता. सहा जणांच्या यादीत माझं नाव पाचवं, तेही आडनाव चुकवून. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. कोण काय बोललं, कुठे उभं होतं, हातात काय होतं, सगळं तारखेसकट लिहायचं. ही म्हणाली, "अहो, दैनंदिनी लिहिताय की पंचनामा?" पंचनामाच म्हणा.

काम काय आहे तेही लिहून ठेवतो, उद्या कुणी म्हणायला नको की ते त्याचंच होतं. आमच्याकडे कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉनचा झोत सोडतात. रुग्ण त्याला 'शेक' म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. साधा क्ष-किरण शरीरातून आरपार जातो. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जातो, तिथे सगळा जोर टाकतो आणि थांबतो. किती खोल जाईल ते वाटेत काय लागतं त्यावर. हाडात लवकर दमतो, मांसात जरा उशिरा, हवेत जवळजवळ दमतच नाही. म्हणून आधी एक सीटी काढायची आणि सगळा हिशेब त्या सीटीवर मांडायचा.

माझं संशोधन त्याच्या पुढचं. झोत जिथे जिथे शिवला तिथलं मांस नंतर काही मिनिटं अगदी मंद किरण सोडत राहतं. शेक संपला की रुग्णाला पळवत शेजारच्या खोलीत, ते किरण टिपणाऱ्या पेट कॅमेऱ्याखाली न्यायचं आणि वीस मिनिटं चित्र घ्यायचं. हिशेबाप्रमाणे झोत कुठे थांबायला हवा होता आणि खरोखर कुठे थांबला, यातला फरक मिलिमीटरमध्ये. तो एक आकडा म्हणजे माझी तीन वर्षं. अकरा रुग्ण झाले, कुणाचाही फरक दोनच्या वर गेला नाही. नियम मीच लिहिलाय: तीनपेक्षा जास्त फरक आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

बाराव्या बाई आज सुरू झाल्या. एका छापखान्यात प्रुफं तपासतात, म्हणून सगळे त्यांना प्रूफवाल्या बाई म्हणतात. गाठ नाकाच्या मागे, डाव्या बाजूला. गाठीची कड आणि डाव्या डोळ्याची नस यांच्यात पाच मिलिमीटर जागा. नाक इतकं चोंदलेलं की 'नमस्कार'चा 'दबस्कार' होतो. माझं संमतिपत्रक हातात दिलं तर पर्समधून लाल पेन काढलं आणि दोन पानांत सात चुका काढल्या. मग माझ्या छातीवरचा 'भौतिकशास्त्र तज्ञ' असा बिल्ला वाचला. "तज्ज्ञ शब्दात दोन ज आहेत," म्हणाल्या. बावीस वर्षं मी एका ज वर काम करतोय.

मंगळवार, ३

पहिलं चित्र. फरक एक मिलिमीटर. उत्तम.

पीएचडीबद्दल लिहायला हवं. ती चार महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली आली. वय तेहेतीस, मोठ्या ठिकाणची डॉक्टरेट. माझ्याकडे डॉक्टरेट नाही, हे तिने कधी बोलून दाखवलेलं नाही आणि तेच मला खुपतं. सतत हसते. बाहेरच्या बाकावर रुग्णांशेजारी बसून पंधरा-पंधरा मिनिटं गप्पा मारते. भौतिकशास्त्राला रुग्णांशी एवढं काय बोलायचं असतं?

आज माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीला कुणीतरी टोक करून ठेवलं होतं. कोण माझ्यावर उपकार करतंय आणि कशासाठी?

गुरुवार, ५

संगणकात कुणी कधी काय उघडलं त्याची नोंद राहते, हे फार थोड्यांना माहीत आहे. मला आहे. काल दुपारी एक चाळीसला, मी जेवायला गेलो असताना, माझ्या संशोधनाचं फोल्डर उघडलं गेलं. नाव पीएचडीचं. परवाही एक पस्तीसला. मनात पाल चुकचुकली.

हिला सांगितलं. म्हणाली, "विचारा की तिला सरळ." विचारलं की ती सावध होणार. हिला डावपेच कळत नाहीत.

सोमवार, ९

आठवड्याची बैठक. मोठे डॉक्टर, मी, पीएचडी आणि मशीनवरचे अण्णा. अण्णा म्हणजे रुग्णाला टेबलावर निजवणारे, चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवणारे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. पीएचडी म्हणाली, "सरांची पद्धत फार चांगली आहे. पण दुसऱ्या कुणीतरी तेच आकडे स्वतंत्रपणे काढून बघितले तर ती आणखी भक्कम होईल." मोठे डॉक्टर लगेच, "वा, कर की तूच."

भक्कम! मागच्या वेळी माझं काम लाटणाऱ्यानेही हाच शब्द वापरला होता. आधी भक्कम करतात, मग मालकी सांगतात. मी "बघू" म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

शुक्रवार, १३

बाईंचा दहावा शेक. फरक दीड. अण्णा रोज शेकाआधी क्ष-किरण चित्र काढून डोकं नीट बसलंय का बघतात. म्हणाले, "हाडं अगदी जागच्या जागी आहेत, साहेब. बाई शिस्तीच्या आहेत." शिस्तीच्या खऱ्याच. प्रतीक्षागृहातल्या फलकावर लाल पेनने तीन दुरुस्त्या केल्यात आणि खाली सही.

मंगळवार, १७

चार.

तीनदा मोजलं. चार मिलिमीटर, आतल्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या नसेकडे. शुक्रवारी दीड होता. तीन वर्षांत असं कधी झालं नाही आणि होतं कधी, तर पीएचडी माझ्या फोल्डरमध्ये रोज दुपारी डोकवायला लागल्यावर. सुतावरून स्वर्ग गाठायची मला सवय नाही. पण संशोधन परिषदेला सारांश पाठवायला अकरा दिवस राहिलेत. नेमक्या आत्ता माझ्या बाराव्या रुग्णाचा आकडा बिघडला तर पद्धत लंगडी ठरते, आणि कुणीतरी 'भक्कम' करायला पुढे येतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

तीनच्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं, हा नियम मी विसरलेलो नाही. पण तो खऱ्या फरकासाठी आहे, बनवलेल्या नव्हे. बनवलेला आकडा घेऊन मी मोठ्या डॉक्टरांपुढे गेलो तर हसं माझंच. बाराव्या रुग्णाच्या फोल्डरला दुपारीच कुलूप घातलं. आकडा फक्त या वहीत. ताकास तूर लागू द्यायची नाही आणि बघत राहायचं.

बुधवार, १८

सकाळी प्रूफवाल्या बाई भलत्याच खुशीत. लांबूनच खणखणीत "नमस्कार!" म्हणाल्या. मी शिरस्त्याप्रमाणे "कशा आहात?" विचारलं. "फार बरी आहे, बघा ना, नाक..." असं काहीतरी सांगायला लागल्या, पण मागे पीएचडी एक कागद घेऊन उभी होती आणि माझं लक्ष त्या कागदाकडे होतं. कागदावर काही नव्हतं. कोरा कागद घेऊन कोण फिरतं?

दुपारी ती माझ्या खोलीत. हसत नव्हती.

"सर, बाराव्या फोल्डरला कुलूप आहे. माझ्याकडून काही बिघडलं का?"

"सुरक्षेसाठी आहे."

"बरं. आणि सर, बाईंची सीटी आपण पुन्हा काढूया? त्यांचा आवाज बदललाय. मोकळा झालाय. तुमच्या लक्षात आलं असेल."

आवाजावरून भौतिकशास्त्र करणारी ही पहिलीच. आता खरं बघायचं तर तिला नवी सीटी कशाला हवी? नव्या सीटीवर नवा हिशेब, नव्या हिशेबावर तिचं नाव. पंधराव्या शेकाला एक सीटी पद्धतीप्रमाणे होतेच, म्हणजे परवाच. मी म्हटलं, "सीटीवर गर्दी आहे. विसाव्यानंतर घेऊ." तो अधिकार माझाच आहे.

ती जागची हलली नाही. "पेटच्या आकड्यात काही वेगळं दिसत नाहीये ना, सर? तिथे सगळं ठीक असेल तर माझी घाई नाही."

"काही नाही. सगळं ठीक आहे."

चेहरा इतका सैल पडला तिचा की मला हसू आलं. आपण पकडले गेलो नाही, असं वाटलं असणार.

शुक्रवार, २०

पाच. कुलूप असून पाच. म्हणजे ती चित्रांतच आधी कुठेतरी हात घालते आहे, कॅमेऱ्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवर. कसं ते कळत नाही. मुलगी हुशार आहे, मी कधी नाही म्हटलेलं नाही.

शनिवार, २१

सुट्टी असून गेलो. पाण्याची टाकी लावली. झोत पाण्यात किती खोल जातो ते मोजायचं आमचं जुनं साधन. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही. झोत ठणठणीत. बाईंची हाडं जागच्या जागी, अण्णांची नोंद आहे. हिशेबाची सीटी तीच, माझ्याच हाताने तपासलेली. मग उरलं कोण? पीएचडी.

संध्याकाळी हिला सगळं सविस्तर सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि ते पाच मिलिमीटर खरेच असले तर?"

"खरे कसे असतील? मी आत्ताच टाकीवर..."

"टाकीचं नाही विचारत. त्या बाईंचं विचारतेय. पाचच मिलिमीटर जागा आहे म्हणालात ना मध्ये?"

हिला विषय समजत नाही आणि समजावत बसायला माझ्यात त्राण नव्हतं. न जेवता झोपायला गेलो. तिने ताट झाकून ठेवलं होतं, ते आज रविवारी सकाळी तसंच दिसलं. आता तीही माझ्याशी मोजकं बोलते. तिचं काय बिनसलंय कळायला मार्ग नाही.

मंगळवार, २४

सहा.

काल सापळा लावला होता. एका चिठ्ठीवर 'बारावा रुग्ण: नऊ मि.मी.' असं साफ खोटं लिहून टेबलावर वाचता येईल अशी ठेवली. ती बातमी मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचली की चोर सापडला. आज पाहिलं तर चिठ्ठी घडी करून पेपरवेटखाली. अण्णांना विचारलं. म्हणाले, "मॅडमनी ठेवली. वाऱ्याने उडत होती. साहेबांचं खासगी आहे म्हणून उलटी केली."

न वाचता उलटी केली? वाचून उलटी केली असणार. फारच पोचलेली आहे.

बुधवार, २५

आज मुद्दाम दिवसभर पीएचडीच्या पाठी बसलो. तिने आठ तास काम केलं, एक केळं खाल्लं आणि आईशी फोनवर गॅस सिलिंडरबद्दल बोलली. लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २६

क्रमाने लिहितो.

साडेनऊला बाईंचा एकोणिसावा शेक होता. मी प्रतीक्षागृहातून जात होतो, हातात पेट कॅमेऱ्याच्या खोलीसाठी हात धुण्याचा निळा साबण. तिथला संपला म्हणून नवी बाटली. बाईंनी मान वर केली. "लिंबाचा आहे," म्हणाल्या. बाटलीवर चित्र नव्हतं, नाव त्यांच्या बाजूला नव्हतं. मी विचारलं, "कसं ओळखलंत?"

"वासावरून! तेच तर तुम्हाला त्या दिवशी सांगत होते. दोन महिने काही वास नव्हता मला. रविवारी सकाळी, पंधरा तारखेला, नाकातून एवढं वाहायला लागलं की मी घाबरले. तास-दीड तास. एक टॉवेल भरला. आणि मग एकदम मोकळं. एवढं सगळं माझ्या डोक्यात मावत कसं होतं, कोण जाणे."

मी तिथेच उभा राहिलो. पंधरा. सतराच्या आधी दोन दिवस.

बाईंची ती सीटी मी शंभर वेळा पाहिली आहे. डाव्या गालामागची पोकळी, जिथे हवा असायला हवी, तिथे करडा गोळा. साचलेला शेंबूड. आम्ही तो हिशेबात धरला होता, कारण सीटीत होता. झोताने तो पार करून मग गाठीत थांबायचं, असा हिशेब. रविवारी तो टॉवेलमध्ये गेला. सोमवारपासून झोताला वाटेत हवाच लागली. हवेत तो दमत नाही. सरळ पुढे गेला, चार, पाच, सहा. अण्णांची हाडं जागच्या जागी होती कारण क्ष-किरणाला हाडं दिसतात, शेंबूड दिसत नाही. पाण्याच्या टाकीला नाक नसतं.

बाटली तिथेच बाकावर ठेवली आणि आत धावलो. अण्णा बाईंचा मास्क कपाटातून काढत होते. "थांबवा," म्हटलं, "आज शेक नाही. सीटीला न्या त्यांना, आत्ता." एवढं ओरडलो की शेजारच्या खोलीतून पीएचडी धावत आली. काय झालं विचारलं नाही. माझा चेहरा बघितला आणि सीटीवाल्यांना फोन लावायला गेली.

नवी सीटी: पोकळी काळी. स्वच्छ, रिकामी, काळी.

शुक्रवार, २७

पीएचडी आणि मी काल दुपारपासून बसलोय. नव्या सीटीवर जुने शेक मांडून डाव्या नसेला किती मात्रा गेली ते काढलं. मोठ्या डॉक्टरांनी आकडे दोनदा तपासले. नंतर म्हणाले, "काठावर आहे. उरलेले शेक नव्या हिशेबाने दिले तर बहुधा मर्यादेत राहील. बहुधा. नसेचं लगेच कळत नाही. वर्ष, दीड वर्ष." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण तू पकडलंस. तुझ्या पद्धतीमुळे पकडलं गेलं, हे परिषदेला सांगायला हवं."

पीएचडीने विचारलं, "सर, सतरा, वीस आणि चोवीसची पेटची चित्रं झाली होती. आकडे काढले होते का?"

"काढायचे राहिले."

तोंडातून निघून गेलं. ठरवून नाही बोललो. तिने मान डोलावली आणि घटनेच्या अर्जावर 'फरक प्रथम लक्षात आल्याची तारीख' या रकान्यात २६ लिहिलं. अर्ज माझ्या सहीसाठी टेबलावर आहे. कुलूप माझंच, आकडे या वहीतच. कुणालाही काहीही कळणार नाही.

पण ती एवढ्या सहज का मानते? मी खोटं बोलतोय हे ओळखून मला वाचवतेय का? वाचवून पुढे काय मागणार? हे लिहिलं आणि मग माझं मलाच वाचवेना. पान इथेच थांबवतो.

रविवार, २९

वही उघडून पहिल्यापासून वाचली. हा पंचनामा मी तिच्याविरुद्ध करत होतो. सतरा तारखेचं पान. अठराचं. अठराच्या पानावर मी तिला म्हणतोय, सगळं ठीक आहे. तिने नेमकं तेच विचारलं होतं आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवून घाई सोडली होती. तिचा चेहरा सैल पडला तो पकडले गेलो नाही म्हणून नव्हे. बाईंचं बरं आहे असं तिला वाटलं म्हणून.

मोजलं. सतराला कळल्यानंतर, अठरा, एकोणीस, वीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. सहा शेक. सहाही मी होऊ दिले.

हिच्यापुढे वही ठेवली. तिने सतराचं आणि एकवीसचं पान वाचलं. मला वाटलं म्हणेल, मी सांगत नव्हते? तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "त्या बाईंना कोण आहे घरी?"

मला माहीत नव्हतं. चार आठवडे रोज भेटतोय.

सोमवार, ३०

सकाळी आठला पीएचडीला खोलीत बोलावलं, दार लावलं, वही दिली. उभ्यानेच वाचत होती. पेन्सिलीचं पान वाचताना थांबली, मग पुढे गेली. सगळं वाचून वही मिटली. डोळे भरून आले होते पण रडली नाही.

"फोल्डर मी उघडत होते," म्हणाली. "तुमची पद्धत शिकायला. अकरा जणांचे आकडे मी माझे स्वतःचे काढले, सगळे तुमच्याशी जुळले. केवढा आनंद झाला होता मला! बारावा सतराला काढायला बसणार होते. तर कुलूप."

"मी तुझ्यावर संशय घेतला."

"माझ्यावर घ्या हो, खुशाल घ्या. माणसावर संशय येतो माणसाला. पण सर, त्या आकड्याने काय केलं होतं तुमचं? तो बिचारा तीनदा ओरडून सांगत होता."

लाज वाटली, इतकी की खुर्चीत बसवेना. अर्ज ओढला, २६ खोडून १७ लिहिलं आणि बाजूला सही केली. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचून ठेवून घेतला. खांद्यावर हात ठेवला नाही. संशोधन चौकशीपर्यंत बंद. परिषदेचं नाव कुणी काढलं नाही.

मग बाई. शेकाचा नवा हिशेब डॉक्टरांनी त्यांना शुक्रवारीच समजावला होता. मी समोर बसलो. त्या म्हणाल्या, "मला कुणाचं नाव नको. प्रुफात चूक सापडली की आम्ही एकच विचारतो, पहिल्यांदा कुठे दिसली. तिथून पुढचं सगळं पुन्हा वाचावं लागतं."

"सतरा तारखेला."

"आणि थांबवलंत सव्वीसला."

"हो."

"का?"

सांगितलं. जसं होतं तसं. माझं सांगणं संपेपर्यंत त्यांनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला, पुन्हा गुंडाळला.

"रोज सकाळी तुम्ही मला विचारायचात, कशा आहात," म्हणाल्या. "आणि मी सांगत होते. नाक मोकळं झालं, वास यायला लागला. कुणाला सांगत होते मी?"

मी खाली बघत होतो.

"वर बघा. मी एकटी असते. या डोळ्यांवर माझं घर चालतं. तुम्ही आता एक करायचं. हे शेक संपले की दर शनिवारी सकाळी छापखान्यात यायचं. एक ओळ लिहून आणायची, तुमच्या हाताने. भिंतीला लावायची. मी उजवा डोळा झाकून ती डाव्याने वाचणार. डॉक्टर म्हणतात वर्ष, दीड वर्ष. तेवढे शनिवार यायचं."

"येईन."

"शुद्ध लिहून आणा."

शनिवार, ६ (पुढच्या वर्षीचा)

या वहीत बरेच महिने काही लिहिलं नाही. लिहिण्याची गरज राहिली नव्हती. एकेचाळीस शनिवार झाले. ओळ मी शुक्रवारी जेवण झालं की लिहितो, कधी पीएचडी सुचवते. चौकशी झाल्यापासून फोल्डर तिच्याकडे असतं आणि दुपारी तिने उघडलेलं असलं की मला बरं वाटतं. छापखान्यात बाईंच्या खोलीत फरशीवर चिकटपट्टी लावली आहे, तिथे त्या उभ्या राहतात. वाचतात, मग माझ्या चुका काढतात. सुरुवातीला चुका काढल्या की लगेच कामाला बसायच्या. मग चहा द्यायला लागल्या. गेल्या महिन्यात म्हणाल्या, "तुमचं अक्षर सुधारलंय, विचार करा, आधी किती वाईट असेल."

आज सकाळी दहाची वेळ. ओळ होती: 'दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा उद्या सकाळी सात ते नऊ बंद राहील.' आमच्या जिन्यातल्या सूचनेवरून उतरवली. कागद लावला. बाईंनी तळहाताने उजवा डोळा झाकला.

"दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा उद्या सकाळी... पुढचे दोन शब्द पुसट लिहिलेत. पेन बदललंत का?"

पेन तेच होतं. निदान मला तसं वाटतं. डोक्यात एकदम गर्दी झाली. शाई संपत आली असेल. कागद वेगळा आहे. आज ढग आहेत, खिडकीतून उजेड कमी आहे. चष्मा पुसला नसेल. थट्टा करत असतील, त्या करतात. कालपासून थकल्या असतील. भिंतीकडे एक पाऊल टाकलं की कळलं असतं. पाऊल उचललंही होतं.

मागे फिरलो आणि दारातूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, डावा डोळा, मधले दोन शब्द पुसट, आत्ता, दहा वाजून तीन मिनिटं. ते म्हणाले, "घेऊन ये. आत्ताच."

बाई पर्स आवरत होत्या. बंद लागत नव्हता, मी लावून दिला. "तो कागद बरोबर घ्यायचा का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "राहू दे."

रुग्णालयाच्या बाकावर बसून हे लिहितोय. बाई आत आहेत, पीएचडी त्यांच्याबरोबर. ही निघाली आहे, पोचेल. कागद तिकडे भिंतीवरच आहे. शाई कशी होती, मी पाहिलं नाही.